चपला मॅच बघायला आल्या

माझा आवाज आमच्या शहरातल्या निम्म्या लोकांनी ऐकलेला आहे. उरलेल्या निम्म्यांनी तो ऐकून खिडकी लावून घेतलेली आहे. तक्रार नाही. खिडकी लावायलासुद्धा माणसाला जागेवरून उठावं लागतं, आणि लोकांना जागेवरून उठवणं हाच माझा धंदा आहे.

मी माईकवाला. नाव नंदकिशोर, पण सगळे 'नंदूभाऊ माईक' म्हणतात, जणू माईक हे माझं आडनाव आहे. कबड्डी, कुस्त्या, शाळेचं गॅदरिंग, साड्यांच्या सेलची रिक्षा, जत्रेत हरवलेलं पोर, सगळ्यावर बोललोय. पाचोडच्या बाजारात एकदा हरवलेल्या बैलाचं वर्णन इतकं रंगवलं, की मालक यायच्या आधी दोन गिऱ्हाइकं बैल विकत घ्यायला हजर झाली. एका लग्नात नवरीच्या काकांनी मला बाजूला घेऊन हात जोडले, "भाऊ, नवरदेवाचं कौतुक जरा कमी करा. आमच्या लोकांना शंका यायला लागली."

पण माझा खरा जीव एकाच कामात आहे. टाकीच्या मैदानावरची फुटबॉलची कॉमेंट्री.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कॉमेंट्री म्हणजे जे दिसतं ते बोलायचं. छे! जे दिसतं ते लोकांना दिसतंच. पुढं काय होणार, ते होण्याच्या अर्धा श्वास आधी बोलायचं, म्हणजे लोकांना वाटतं याच्या बोलण्यामुळंच झालं. दुसरं, भाषा. बॉल मराठीत निघाला तरी हाफलाइन ओलांडेपर्यंत त्याला दखनी आली पाहिजे, कारण बघणाऱ्यांत दोन्ही घरची माणसं असतात आणि दोन्ही घरच्यांना वाटतं गोल आपल्याच भाषेत व्हावा. आणि तिसरं, सगळ्यांत महत्त्वाचं: माईकवर शांतता पडू द्यायची नाही. बॉल नाल्यात गेला तर नाल्याचं वर्णन करा, पण बोलत राहा. भोंगा गप्प झाला की लोकांना दोनच गोष्टी वाटतात. एक तर लाइट गेली, नाही तर नंदूभाऊ गेला.

टाकीचं मैदान म्हणजे पाण्याच्या उंच टाकीच्या पायाशी पसरलेली मातीची जागा. एका लांब बाजूला भिंत, दुसऱ्या लांब बाजूला मोहल्ला. इथला क्लब 'सितारा'. पोलिस ॲक्शननंतर निजामाच्या फौजेतून मोकळे झालेले काही शिपाई येताना पलटणीचा फुटबॉल घरी घेऊन आले, आणि परत करायला पलटणच उरली नव्हती, म्हणून क्लब काढला, अशी ऐकीव गोष्ट आहे. खरी-खोटी मला माहीत नाही. माईकवर मी ती नेहमी खरी म्हणूनच सांगतो.

आता या मैदानाची एक गंमत नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. भिंतीच्या बाजूला भिंत हीच हद्द. मोहल्ल्याच्या बाजूला चुन्याची रेषा मारली जायची, पण मॅच सुरू होऊन घटकाभरात लोक तिच्यावर उभे राहायचे आणि रेषा चपलांना लागून घरोघरी जायची. मग उरायचे ते पाय. माणसांचे पाय हीच आमची टचलाइन. पायाला बॉल लागला की आउट. पंच शिट्टी मारायच्या आधी पायवाला स्वतःच ओरडायचा, "लागला, लागला, मला लागला!" एवढा मान कुणी सोडतो का?

या पायांच्या कडेनं खेळणारा एक खेळाडू सितारात तयार झाला. इरफान. वाळूजच्या कंपनीत मशीनवर काम करणारा, काटकुळा, कमी बोलणारा. त्याचं एकच कसब: बॉल घेऊन लोकांच्या अंगठ्यांना लागून पळायचं, इतकं लागून की समोरच्या संघाचा बचावपटू मध्ये शिरायला गेला तर त्याला कुणाच्या तरी पायावर पाय द्यावा लागेल. हाफटाइमनंतर बाजू बदलल्या की इरफान उजव्याचा डावा व्हायचा, पण मोहल्ल्याची कड सोडायचा नाही.

आणि त्याला सोडायचे दगडूमामा. मूळचे सोयगावकडचे, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. त्यांची जागा कोपऱ्याच्या झेंड्याजवळ, ठरलेली. इरफान बॉल पायाखाली घेऊन उभा राहायचा, एकदा मामांकडं बघायचा. मामा समोरच्या बचावावर नजर ठेवून असायचे. बचाव एका पायावर आला, की मामा छाती भरून ओरडायचे, "टिंग टिंग!" एसटीत एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे सुटा. इरफान सुटायचा. बचाववाला दुसरा पाय टेकेपर्यंत त्याला फक्त धूळ दिसायची. मामा फुटबॉल कधी खेळले नव्हते. मी एकदा विचारलं, "मामा, तुम्हाला नेमकं कळतं कसं?" तर म्हणाले, "आरं नंद्या, आयुष्यभर गाडीतली माणसं बघितली. कोण बसलं, कोण तोल जाऊन उभं हाय, ते न बघता घंटी मारली तर माणूस पडतंय की."

मग महामारी आली.

सगळं बंद होतं तेव्हा मी पालिकेच्या रिक्षातून 'घरात राहा' असं ओरडत फिरलो. ज्या माणसानं जन्मभर लोकांना घराबाहेर काढलं, त्याला हे काम मिळालं. त्याच काळात दगडूमामांना आजार झाला. दवाखान्यातून ते घरी आले खरे, पण छातीतली हवा तिथंच ठेवून. दोन शब्द बोलले की तिसऱ्यासाठी थांबावं लागायचं. गच्चीवर खुर्ची टाकून बसायचे, बाहेर पडायची सक्त मनाई.

पुढं थोडी ढील मिळाली आणि लीगच्या संघटनेनं सामने पुन्हा सुरू केले. अट एकच: प्रेक्षक नकोत. खेळाडू, पंच आणि क्लबची दोन-तीन माणसं, बस.

सिताराचा कारभार जब्बारभाई टेलर बघतात. त्यांना म्हटलं, "बघायला कुणीच नाही, मग माईक कशाला?"

"कायकू बोले तो?" जब्बारभाई चिडले. "लोकां घर में हैं, मर नै गए." आणि लुंगी वर खोचून ते खांबावर चढले, मैदानाकडं तोंड करून असलेले दोन्ही भोंगे त्यांनी मोहल्ल्याकडं फिरवले. जवळच्या दोन-चार गच्च्यांवरून मैदानाचा तुकडा दिसायचा, बाकीच्यांना टाकी आणि एकमेकांच्या भिंती आडव्या. त्यांच्यासाठी डोळे म्हणजे मी.

पहिला सामना सुरू झाला. पंच राठोड सर, शिस्तीचे. त्यांनी स्वतः उभं राहून चुन्याची रेषा मारून घेतली होती, पांढरीशुभ्र, सरळ. तिच्यावर उभं राहायला कुणी नव्हतं. इरफाननं बॉल घेतला आणि मोहल्ल्याच्या कडेनं सुटला. काय सुटला! मी आवाज चढवला, "इरफान निघाला, एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं..." आणि बघतो तर इरफान रेषा ओलांडून बाहेर! राठोड सरांची शिट्टी वाजली. इरफान पळतोय. पुन्हा शिट्टी. इरफान पळतोय. त्याला कुठं कुणाचा पाय लागला होता? पाय लागेपर्यंत मैदान संपत नाही, हे लहानपणापासूनचं गणित. तो बॉल घेऊन थेट टाकीच्या खांबापर्यंत गेला, खांबालाही चकवलं, आणि मग थांबून मागं वळून बघितलं, तर सगळे खेळाडू कमरेवर हात ठेवून उभे.

मी माईकवर म्हणालो, "इरफाननं पाण्याच्या टाकीला हरवलं आहे, आणि आता तो नळाच्या पाइपलाइननं जायकवाडीकडं निघण्याच्या तयारीत..." गच्च्यांवर हशा पिकला. त्यानंतर मात्र मला हसू आलं नाही. कारण इरफान पुढं कडेला गेलाच नाही. आत आत, घाबरत खेळला. दर दोन पावलांनी मान खाली घालून रेषा शोधायचा, तेवढ्यात बॉल जायचा. सितारा हरली.

आता फक्त एक सामना उरला होता, 'नवयुग'शी, आणि तो जिंकणं भाग होतं. नाही तर सितारा 'अ' गटातून 'ब' गटात जाणार. आणि 'ब' गटाचे सामने टाकीच्या मैदानावर होत नाहीत. बायपासच्या पलीकडं एका माळावर होतात. म्हणजे महामारी गेली तरी मोहल्ल्याला सितारा परत दिसणार नाही. शिपायांनी आणलेला तो फुटबॉल मोहल्ल्यातून कायमचा जाणार.

दुसऱ्या दिवशी इरफान दगडूमामांच्या घराखाली गल्लीत उभा होता. बूट हातात. वर गच्चीवर मामा खुर्चीत, दारात कौसामामी, मामांची बायको. मी मास्क लावून पलीकडं.

"नंदूभाऊ, मेरे बदले दुसरा पोऱ्या डालो," इरफान म्हणाला. "मेरेकू वो चूने की लैन दिखतीच नै. लोकां के पावां दिखते. पावां नै तो मैदान किधर खतम होता, समझताच नै."

वरून मामांनी काही बोलायला तोंड उघडलं, खोकला आला, हात हलवून राहिले. ते बघून इरफाननं मान फिरवली.

"व्हय रे," कौसामामी म्हणाल्या, "पायांना मैदानात येऊ देत नाहीत ना?"

"नाही मामी. सरकारी हुकूम आहे."

"मंग चपला येऊ द्या की! चपलांना कुठं सर्दी होती?"

मी हसलो. इरफान हसला नाही. तो मामींकडं असा बघत राहिला, जसा मामांकडं बघायचा. सुटायच्या आधी.

नवयुगच्या सामन्याच्या दिवशी सकाळपासून मोहल्ल्यातल्या गच्च्यांवरून दोऱ्यांना बांधलेल्या पिशव्या खाली येऊ लागल्या. प्रत्येक पिशवीत एक जोड. आणि फोन! जब्बारभाईंच्या कानाचा फोन सुटेना. "मेरी चप्पल उस बनियेके बाजू में नक्को, उसने मेरा छत्री वापस नै किया." "भाऊ, माझी जागा दुसऱ्या दिव्याच्या खांबासमोर, दहा वर्षांची वहिवाट आहे." "माझे बूट जरा तिरके ठेवा, मी तसाच उभा राहतो." जब्बारभाई घामाघूम होऊन चपला मांडत होते आणि वैतागून म्हणत होते, "इत्ते लोकां खुद आते थे तब बी इत्ता तरास नै था!"

राठोड सर आले. रेषेच्या बाहेर वीतभर अंतरावर झेंड्यापासून झेंड्यापर्यंत लागलेल्या चपला त्यांनी पाहिल्या. आम्ही श्वास रोखला. सरांनी चष्मा काढला. तो पुसत म्हणाले, "रेषेच्या आतलं माझ्याकडं. रेषेच्या बाहेर काय पडलंय, ते मला दिसत नाही." आणि चष्मा न लावताच पुढं गेले.

मी माझ्या टेबलावरून ती रांग बघितली आणि, खरं सांगतो, माझे हात आपोआप जोडले गेले. मी मोठ्या सभा बघितल्यात, उरूस बघितलेत, कुस्तीच्या फडावर मुंगी शिरायला जागा नसते ते बघितलंय. असं काही बघितलं नव्हतं. चप्पल नुसती चप्पल नसते हो. टाच कुठं झिजलीय, अंगठा कुठं रुतलाय, त्यावरून माणूस उभा राहतो. हा लंगडत येणारा, हा चवड्यावर उभा राहून बघणारा, ही बाई पोराला कडेवर घेऊन एका पायावर भार देणारी. मला सगळे दिसत होते. अख्खा मोहल्ला उभा होता, फक्त घोट्याच्या वर कुणी नव्हतं. दोन-तीन जोड अशा घरांतून आले होते, जिथं ते घालणारं माणूस आता राहिलं नव्हतं. ज्याची जागा जिथं होती, तिथंच ठेवले. कोपऱ्याच्या झेंड्याजवळ दगडूमामांच्या टायरच्या सोलच्या चपला.

खेळ सुरू झाला. इरफान कडेला आला, खाली न बघता पळाला, आणि चपलांना लागून असा वळला की मी खुर्चीवर उभा राहिलो. लैन दिसत होती!

नवयुगवाल्यांनी बॉल बाहेर मारला की चपला उडायच्या आणि मी गच्च्यांना जाहीर करायचो, "बॉल लागला आहे, हिरव्या स्लिपरला! मालक, भोसले वहिनी! वहिनी, लागलं तर नाही ना?" वरून वहिनी ओरडायच्या, "नाय लागलं!" लोक हसायचे. एकदा बॉल पिवळ्या पट्ट्याच्या सँडलला लागला. ती युसूफभाई पानवाल्यांची होती. युसूफभाई गेले होते. माझ्या जिभेवर नाव आलं आणि अडलं. मग मी घेतलं. "युसूफभाई पानवाले! युसूफभाई को लगा है बॉल!" मग कुठून तरी एकानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. जब्बारभाईंनी जाऊन ती सँडल पुसून पुन्हा जागेवर ठेवली.

गोल मात्र होईना. नवयुगचा बचाव तगडा. सामना संपत आला, अजून शून्य-शून्य. बरोबरी म्हणजे आमच्यासाठी हारच.

आणि इरफानला आमच्या गोलकडच्या कोपऱ्याजवळ बॉल मिळाला. मामांच्या चपलांशेजारी. समोर बचाववाला. इरफाननं बॉल पायाखाली धरला आणि थांबला. इतक्या वर्षांची सवय. तो घंटीची वाट बघत होता.

"नंदूभाऊ!" जब्बारभाई माझ्या कानाशी कुजबुजले, "मारो! मामू की आवाज में मारो!"

तुम्हाला सांगायचं राहिलं, दगडूमामांची नक्कल ही माझी हुकमी चीज. गणपतीत, हळदीत, कुठंही 'टिंग टिंग' म्हटलं की लोक लोळायचे. मामा स्वतः म्हणायचे, "माझ्यापेक्षा तुझं बरं हाय." मी माईक ओठाला लावला. छाती भरली. आणि इरफानचा चेहरा बघितला. तो गोलकडं बघत नव्हता, माझ्याकडं बघत नव्हता. चपलांच्या वर, साधारण माणसाचं तोंड असतं तितक्या उंचीवर, रिकाम्या हवेकडं बघत होता.

ज्याची घंटी होती तो माणूस जिवंत होता. दोन गल्ल्या पलीकडं श्वास जमवत बसला होता. त्याच्या जिवंतपणी त्याच्या जागेवरून घंटी मी मारू?

मी माईकचं बटण बंद केलं.

मैदानावर शांतता पडली. मोहल्ल्यावर पडली. त्या दोन्हींवर एकाच वेळी शांतता पडलेली मी जन्मात ऐकली नव्हती. इरफान उभा. बचाववाला बुचकळ्यात पडला, एक पाऊल पुढं टाकलं...

टिंग. टिंग.

बारीक. स्टीलच्या तांब्यावर चमचा वाजावा तसं. टाकीच्या पलीकडून.

इरफान सुटला. कुणाच्याही चपलेला धक्का न लावता, सगळ्यांच्या अंगठ्यांपाशी वाकून गेल्यासारखा, भोसले वहिनींच्या पुढून, युसूफभाईंच्या पुढून, आणि मग असा आत वळला की नवयुगचा गोलकीपर उजवीकडं झेपावला आणि बॉल त्याला नमस्कार करून डावीकडून आत गेला.

आणि सांगायला माईक बंद!

"काय झालं?" गच्च्यांवरून आरडाओरडा. "ओ नंदूभाऊ! लाइट गई क्या? बोलो ना यार!" मी बटण सुरू केलं, तोंड उघडलं, आणि जन्मभर बोलणाऱ्या या माणसाच्या घशातून एक अक्षर येईना. गोलवर मी काय काय बोललोय! तोफा उडवल्यात, वीज पाडलीय. त्या दिवशी मोठ्या कष्टानं तीन शब्द निघाले.

"गाडी सुखरूप पोहोचली."

मग काय ताटं वाजली, काय तांबे वाजले! राठोड सरांनी शेवटची शिट्टी मारली ती त्यांची त्यांनाच ऐकू आली असेल.

चपला परत करायला संध्याकाळ झाली. मामांचा जोड मी स्वतः घेऊन गेलो. इरफान आधीच तिथं गल्लीत बसला होता, मान वर करून. वर मामा खुर्चीत, मांडीवर तांब्या, हातात चमचा. मी मान वर केली तर समोर नुसती टाकी. मामांच्या गच्चीवरून मैदानाची चिमूटभर मातीसुद्धा दिसत नाही, हे मी विसरूनच गेलो होतो.

"मामा," मी ओरडलो, "तुम्हाला दिसलं कसं?"

"नाय दिसलं," मामा म्हणाले आणि श्वास घ्यायला थांबले. "तू बोलत हुतास... तवर बॉल दुसऱ्यांकडं." पुन्हा थांबले. "तू गप झालास. तू! मंग म्हटलं... पोरगं माझ्यापाशी उभं हाय."

इतकी वर्षं मी या मोहल्ल्याला वाटेल ते सांगत आलो. आणि एकदाच गप्प बसलो, ते या माणसानं अक्षरन् अक्षर ऐकलं होतं.

"आणि बचाववाला एका पायावर आला, ते?" मी विचारलं.

मामा हसले. "एवढी शांतता पडल्यावर... कोन दोन पायांवर उभं राहतंय?"

मला राहवलं नाही. मी गल्लीच्या मधोमध उभा राहिलो, हात पसरले, आवाज लावला, "तर मामा, ऐका! इरफान निघाला, पहिल्यांदा कुणाच्या पुढून निघाला, तर..."

मामांनी चमचा उचलला आणि तांब्यावर मारला.

टिंग.

एकच.